बांधावरचे खूर

रोज सकाळी मी आमच्या तलावाच्या बांधाखाली जाते आणि पाझराचं पाणी तांब्यात धरते. नितळ आलं, तर बांधाला नुसता घाम येतोय असं समजायचं. गढूळ आलं, तर आतली माती वाहतेय. हे यजमानांनी शिकवलं. बाकीचं शिक्षण मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून घेतलं. त्यांत बांधाविषयी काही नसतं.

मंगळवेढ्याच्या अलीकडे, काळ्या रानात, हा मातीचा बांध यजमानांनी स्वतः घातला. ते जाऊन चार वर्षं झाली. खाली चौदा घरांची वस्ती आहे. तिथल्या चुलींचा धूर, एवढाच माझा शेजार.

यंदा, १९३३च्या भादव्यात, तांब्यात गाळ आला. बांध एका अंगाला खचला होता. गडी लावून नवी माती टाकली. पण माती टाकून भागत नाही, तुडवावी लागते. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात ती जाणार, मागोमाग बांध, मागोमाग वस्ती. आणि मेंढरांच्या बारीक खुरांनी दबते तशी ती दुसऱ्या कशानं दबत नाही. बांध घातला तेव्हा धुळाप्पा धनगराचा कळप तीन उन्हाळे त्यावर फिरला होता. मी बाजारकऱ्याबरोबर त्याला निरोप धाडला.

चौथ्या सकाळी नव्या मातीवर खूरच खूर. मधल्या बाभळीपर्यंत माती घट्ट. पुढची निम्मी तशीच भुसभुशीत. धुळाप्पा मुलखाचा लाजरा, न भेटताच गेला असेल, म्हणून मी बाभळीखाली भाकरी ठेवली. तिला मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको अंबू आली.

"नवऱ्याला सांग, अर्धं काम टाकून पळालास म्हणून," मी म्हटलं. तिचं मोकळं कपाळ मला उशिरा दिसलं.

"कुणाला सांगू, आक्का? त्येला जाऊन म्हैना झाला की. मेंढरं त्येच्या आदीच गेली, देवीच्या रोगानं. त्येच सांगाया आले."

मी तिला बांधावर नेलं. ती खाली बसली. एका ठशामागं मातीत रेघ ओढली गेली होती, तिच्यावरून तिनं बोट फिरवलं.

"पाय घासतीया. ही आमची लंगडी हाय."

"मग बाभळीपाशी का थांबली?"

"म्होरं कोन न्हाय, आक्का. नुसतं मागनं हाकून मेंढरू नव्या मातीत पाय टाकत न्हाय. तवा तुमचं मालक म्होरं चालायचं."

पाणीही न पिता ती गेली.

सकाळी तांब्या पुन्हा गढूळ. उगवतीला आभाळ काळवंडलेलं. खाली चौदा धूर.

मी बाभळीखाली चपला काढल्या.

"चला गं," म्हणाले. कुणाला, ते विचारू नका.

पाय घोट्यापर्यंत रुतत होते.

मागं बारीक टपटप सुरू झाली.

ओल्या लोकरीचा वास आला.

पोटरीला ऊन श्वास लागला.

मी वळले नाही. चार वर्षांत माझ्यामागं कुणी चाललं नव्हतं.

पलीकडच्या टोकाला उतरले, खालून पाझरापाशी आले. तांब्या धरला. तळावरचा चरा दिसावा इतकं पाणी नितळ.

चपला आणायला वर चढले. नवी माती टोकापर्यंत घट्ट झाली होती. मी घोट्यापर्यंत रुतत गेले होते, पण माझ्या पावलाचा एकही ठसा उरला नव्हता.

प्रत्येकावरून खूर गेले होते.