दुपारनंतर विमान नाही

रसिला गौचन समोर बसली, पण रडली नाही. नवरा जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तिचं मन पार बधिर पडलं होतं.

"पोलीस म्हणतात, त्यांनी पुलावरून उडी मारली. मला एवढंच सांगा, दिदी. ते मला टाकून गेले का?"

पोखऱ्यात खासगी तपास करणाऱ्या चिनीमाया गुरुंगने तिला सगळं पहिल्यापासून विचारलं. मदतीला बरालसर होते. मास्तरकी सुटली तरी त्यांची समजावून सांगायची खोड सुटली नव्हती.

दिलेंद्र गौचनने दुपारी बाराला पुलाजवळ चहा घेतला. एकच्या सुमारास तो पुलाखाली सेती नदीच्या घळीत मेलेला सापडला. त्याचं वाकडं होतं ते दोघांशीच. एक भागीदार पालिखे आणि दुसरा धाकटा भाऊ इंद्रमान. इंद्रमानला जोमसोमची सफरचंदाची बाग विकायची होती. दिलेंद्र सही देत नव्हता.

पालिखे त्या दुपारी पुतण्याच्या लग्नात नाचत होता. सगळं वऱ्हाड त्यावर अजून हसत होतं.

इंद्रमानने दीड वाजता जोमसोमहून वहिनीला फोन केला होता.

"मला अजून काही कळलंही नव्हतं," रसिला म्हणाली. "किती हळू विचारलं त्याने, वहिनी, जेवलीस का? मी छतावर लाकडं रचतोय म्हणाला. मायेचं ते शेवटचंच बोलणं कानात राहिलंय."

बरालसरांनी लगेच हिशेब मांडला. इथून जोमसोम विमानाने वीस मिनिटं, पण सकाळी अकरानंतर त्या खोऱ्यात वारा असा उठतो की विमान उडतच नाही. जीपने नऊ तास. "बाराला इथे आणि दीडला तिथे? त्याचं नाव सोडा."

चिनीमायाने त्यांना दुपारी दीडलाच इंद्रमानच्या शेजारणीला फोन लावायला सांगितला. बाई छतावर होती. ओरडून ओरडून सरांचा घसा बसला, तरी 'सकाळी करा' यापलीकडे काही कळलं नाही. दिवस फुकट गेला म्हणून ते धुसफुसत राहिले.

मग इंद्रमानला रसिलाच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

"त्या दिवशी फोन घरातून केलात?" चिनीमायाने विचारलं.

"घरात लागतच नाही. दगडी भिंती. छतावर चढावं लागतं."

"म्हणजे छतावरच होतात."

"छतावरच. वहिनीला विचारा."

"विचारलं. तुम्ही हळू बोललात म्हणाली." चिनीमायाने चहाचा पेला बाजूला ठेवला. "जोमसोमच्या छतावर दुपारी दीडला हळू बोलता येत नाही, भाऊ. सरांना विचारा, अजून घोगरे बोलतात. दुपारनंतर विमान नाही, हा तुमचा आधार होता. पण ज्या वाऱ्यामुळे ते नसतं, तो तुमच्या फोनात कुठे होता? तुम्ही पोखऱ्यातच होतात. विमानाच्या यादीत नाव नाही, म्हणून मी जीपवाले धुंडाळले. आदल्या रात्री तुम्हाला आणणारा बाहेर हवालदारापाशी बसलाय."

इंद्रमानने पेला उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"दादा ऐकतच नव्हता," तो म्हणाला.

बरालसरांना प्रथमच काही समजावून सांगावंसं वाटलं नाही.

रसिलाने त्याच्यापुढचा चहा उचलून मोरीत ओतला. तिचा आवाज सपाट होता.

"म्हणजे ते मला टाकून गेले नाहीत," ती म्हणाली. "आणि तुझ्या त्या आवाजावर मी तीन आठवडे तगले."