काचेच्या पेटीतला नाच

"आजोबा, माश्या उठतच नाहीयेत!"

चिमणी अंगणातून ओरडली, तेव्हा सुट्टीचा चौथा दिवस होता आणि ताई अजून अंथरुणात होती. ती धावत बाहेर आली. मागोमाग तिचा भाऊ आला, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच धरून. त्याला सगळे कंपास म्हणत, कारण भूमितीची डबी त्याच्या खिशाबाहेर कधी राहतच नसे. चिमणी ही त्यांची नऊ वर्षांची आतेबहीण.

अंगणात आजीच्या तीन मधपेट्या होत्या. त्यातल्या दोन पेट्यांसमोर मेलेल्या मधमाश्यांचा थर पडला होता, चहाची पूड सांडावी तसा. आजोबा केरसुणी घेऊन उभे होते. झाडत मात्र नव्हते.

"काल संध्याकाळी तर ठीक होत्या," एवढंच ते म्हणाले.

आजी जाऊन सात महिने झाले होते. आजोबांना माश्यांतलं फारसं कळत नसे. ते रोज पेट्यांजवळ पाण्याचं भांडं भरून ठेवत, कारण ती ठेवायची.

आजोबांनी फोन केल्यावर दहा वाजता मधपेट्या तपासणारे सरकारी साहेब आले. त्यांनी फाटकातूनच पाहिलं आणि उभ्या उभ्या कागद भरला.

"साथीचा रोग आहे. उरलेली पेटी उद्या दुपारी दोनला जाळावी लागेल, नाहीतर सगळीकडे पसरेल."

आजोबांनी मान हलवली. "नियमच आहे तर..."

"नाही जाळायची!" ताई पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

"अगं, मोठ्यांशी असं बोलतात का?"

"मोठ्यांनी पेटी उघडून तरी बघायची ना, आजोबा!"

साहेबांचे कान तांबडे झाले. "उद्या दोन वाजता," म्हणून ते निघून गेले.

चिमणीने एक मेलेली माशी तळहातावर घेतली होती. "ताई, हिचं पोट लाल का गं?"

तिघांनी डोकी एकत्र केली. खरंच! माशीच्या पातळ पोटातून सरबतासारखा लाल रंग दिसत होता. दुसरी उचलली, तीही तशीच. तिसरीही!

"रोगाने असं होत नाही. ह्या कुठेतरी लाल काहीतरी प्यायल्यात," ताई म्हणाली.

"पण कुठे? आता काय माश्यांना विचारणार?"

"हो," कंपास म्हणाला. "माश्यांनाच विचारणार!"

जिवंत राहिलेल्या तिसऱ्या पेटीला आजीने एका बाजूने काच बसवून घेतली होती आणि काचेवर लाकडी झडप. आतलं पोळं पाहत ती तासन्‌तास बसायची आणि वहीत लिहायची. कंपासने वही आणून मोठ्याने वाचलं:

"खाणं सापडलं की माशी घरी येऊन पोळ्यावर नाचते. पोट थरथरवत सरळ चालते, वळून परत येते, पुन्हा तेच. सरळ वर चालली तर खाणं सूर्याच्या दिशेला. उजवीकडे कलली तर सूर्याच्या तितकंच उजवीकडे. एक सेकंद थरथरली तर साधारण एक किलोमीटर लांब."

"खोटं!" चिमणी म्हणाली.

"शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं माश्या पाहून शोधलंय. आजीने इथे बसून पडताळलं."

झडप उघडली. आत एक माशी थरथरत होती आणि बाकीच्या तिच्या मागे गर्दी करत होत्या. कंपासने काचेवर कोनमापक धरला. "उजवीकडे साठ अंश!"

ताईने घड्याळ लावलं. "दहा फेऱ्यांचे मिळून आठ सेकंद. म्हणजे एका फेरीला पाऊण सेकंदाहून जरा जास्त, पाऊण किलोमीटरच्या जरा पुढे."

तेवढ्यात जेवायची हाक आली. जेवून एक वाजता तिघं निघाली, सूर्याच्या उजवीकडे साठ अंश, पावलं मोजत. आणि पोहोचली थेट पोहण्याच्या तलावावर! तिथे लाल असं एकच होतं, रखवालदाराचं उन्हाने सोललेलं नाक.

"तुझ्या माश्या पोहायला येतात वाटतं!" ताई म्हणाली.

चिमणी वर बघत होती. "सकाळी सूर्य पाण्याच्या टाकीवर होता ना? आता तो पार इकडे आलाय."

कंपासने कपाळावर हात मारला. "मी गाढव! कोन साडेदहाचा आणि सूर्य एकचा!"

घरी येऊन, चार वाजता त्यांनी पुन्हा काचेत पाहिलं. नाच तेवढ्याच सेकंदांचा होता, पण कोन बदलला होता. आता डावीकडे पासष्ट अंश!

"जागा तीच आहे. सूर्य सरकला तसा त्यांनी नाच फिरवला," कंपास पुटपुटला. "आणि तेही पेटीच्या अंधारात!"

"तुझ्यापेक्षा हुशार आहेत."

"तुझ्यापेक्षाही!"

"भांडू नका," चिमणी नाक काचेला लावून म्हणाली. "नाचणारीचं पोटसुद्धा लाल झालंय."

दोघांनी काचेत डोकावलं. म्हणजे ही पेटीही तिथेच जायला लागली होती. ताईने पेटीच्या तोंडावर घट्ट जाळी बसवली.

"कुठे निघालात?" आजोबांनी दारातून विचारलं.

"भांडायला!" ताई म्हणाली. "तुम्ही थांबा. तुम्ही लगेच हो म्हणता."

आजोबा उंबऱ्याबाहेर आले. मग म्हणाले, "चपला घालतो."

या वेळी वाट शीतपेयाच्या कारखान्यामागे गेली. कुंपणाबाहेर सहा पिंपं उघडी पडली होती. त्यांत नासलेलं लाल सरबत होतं, कडेला मेलेल्या मधमाश्या. आजोबा धापा टाकत मागून येत होते.

"ए! आत यायला बंदी आहे!" सुपरवायझर धावत आला.

"आम्ही बाहेरच आहोत. तुमची पिंपं बाहेर आलीत," ताई म्हणाली. "काय घातलंय यात?"

"काही नाही. नुसतं खराब झालेलं सरबत आहे."

"नुसतं सरबत?" ताईने पाण्याची बाटली रिकामी केली आणि पिंपात बुडवली. "मग मी एक घोट घेऊन बघते!" तिने बाटली ओठांजवळ नेली.

"अगं, मरशील!" सुपरवायझरने झडप घालून तिचा हात धरला. "चिलटांसाठी विषारी औषध टाकलंय त्यात!"

आणि मग त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

"ऐकलं मी," मागून आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज घरातल्यापेक्षा वेगळा होता. "झाकणं लावा. आत्ता. मी इथून हलणार नाही."

सुपरवायझरने माणसं बोलावली. सहावं झाकण लागेपर्यंत आजोबा उभे होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता साहेब आले, तेव्हा टेबलावर सरबताची बाटली, लाल पोटाच्या माश्या आणि नाचाच्या कोनांचा कागद मांडून ठेवला होता. या वेळी साहेबांनी स्वतः पेटी उघडली. पोळ्याच्या दोन चौकटींत लाल मध होता. त्या त्यांनी काढायला लावल्या, उरलेल्या माश्यांना साखरेचं पाणी द्यायला सांगितलं आणि कालचा कागद फाडला.

"तीस वर्षं पेट्या तपासतोय," ते ताईला म्हणाले. "काल मी उघडूनही पाहिलं नाही. तू आडवी आलीस, बरं झालं. पण पोरी, बाटली तोंडाला लावायची नव्हती."

"पिणार नव्हते मी!"

"आजीवर गेली आहे," आजोबा म्हणाले. "तीही माझं ऐकायची नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी आजीची वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.

काचेची पेटी वाचली. बाकीच्या दोन धुऊन उन्हात ठेवल्या आहेत. त्यांत नव्या माश्या अजून आणायच्या आहेत.