दर्यातली शीळ

मिरान सोलहून जेजूजवळच्या त्या बारक्या बेटावर आली ती मोजून दोन दिवसांसाठी. बेटाच्या बोलीवर मासिकात लेख लिहायचा, मुलीसाठी शंखांची माळ घ्यायची आणि परतायचं. तिसऱ्या दिवशी नारेचा सहावा वाढदिवस. "आई, येशील ना नक्की?" पोरीने दहादा विचारून घेतलेलं.

आणि बोली तरी काय हो! वाक्याच्या शेवटी सूर असा लांबवायचा, की शिवीसुद्धा लाडाची वाटावी. मिरान पहिल्याच दिवशी भाळली. बुडी मारून शिंपले काढणारी सुनदोक आजी काही बोलली, की ही लगेच तिची नक्कल करायची.

"किती चोरशीत गो आमची भास?" आजी हसायची.

ते वाऱ्याच्या देवीचे पंधरा दिवस. देवी बेटावर उतरलेली असते तोवर बेटावरचं माणूस दर्यात पाऊल घालत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी किनाऱ्यावर वाळलेलं शेवाळ गोळा करत होत्या, तेव्हा पाण्यावरून शीळ आली. बुडी मारलेली बाई वर येऊन कोंडलेला श्वास सोडते ना, तशी. बारीक, लांब.

आजीचे हात थांबले. "ओ देव नको..."

"पण आज तर पाण्यात कोणीच नाहीये."

"म्हणानच. त्या शिळेक जबाब देव नको."

आता शहरातलं माणूस ते! आजीची पाठ वळली आणि मिरानने ओठांचा चंबू करून तस्सीच शीळ परत घातली. गंमत म्हणून. तोंडात खारट चव आली, ती काही जाईना.

तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा दुपार झालेली. निळा कोट नाही, पिशवी नाही, नारेसाठी घेतलेली माळ नाही. फोन तेवढा उशाखाली होता. अंथरुणापासून दारापर्यंत ओली पावलं गेली होती. ती धक्क्याकडे धावत सुटली.

"माका सोलाक जावचा आसा!"

स्वतःचे शब्द ऐकून ती गारठली. पुन्हा बोलून पाहिलं, पण जीभ सरळ होईना.

नावाडी पलीकडच्या मोठ्या बेटाचा. तो हसला. "मावशी, कशाला थट्टा करता? या दिवसांत बेटावरचं माणूस होडीत घेतलं तर देवी मलाच बुडवील."

"मी सोलचीच आसंय रे!"

"सोलची बाई पहिल्या होडीने गेली. मीच बसवली. निळा कोट होता. केस नुसते ठिबकत होते... तुम्ही पौर्णिमेला देवी गेली की या."

होडी सुटली. मिरानने घरी फोन लावला. नारेनेच उचलला.

"नारे! मी तुझी आई गो..."

"कोण आजी बोलताय?" नारे खिदळली. "आई तर आलीसुद्धा. माळ आणली मला. आता टबात आहे. केव्हाची पाण्याखालीच आहे..."

फोनमधून शीळ ऐकू आली. बारीक, लांब.

"ओ देव नको! नारे, ओ देव नको!"

"काय बोलताय, काही कळतच नाही. थांबा हं, आई बोलावतेय."

नारेचे पुढचे दोन दात पडलेले. पहिल्यांदा नुसतीच फुंकर आली. दुसऱ्या वेळी शीळ जमली.