जुन्या टाक्यांपाशी उठलेली गाठ

“नको तिथं नाक खुपसू नकोस!” थोरल्या जाऊबाई न्हाणीघराच्या दारातून ओरडल्या, पण त्यांनी पाठीमागे लपवलेला ब्लाउज धाकटीने हिसकावलाच. काखेपाशी पिवळसर, ओला डाग होता.

हाय रे दैवा! थोरलीने महिनाभर जिवापाड झाकलेलं एका डागाने चव्हाट्यावर आणलं! दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच पोरीने परगावी नवऱ्याजवळ मिळालेली नोकरी सोडून विधवा जावेची शुश्रूषा केली होती. आता तशीच नोकरी पुन्हा चालून आली, आणि नेमकी जुन्या टाक्यांपाशी गाठ! रोग उलटला, हे थोरलीने स्वतःच ठरवून टाकलं, आणि धाकटीने चिडून तरी निघून जावं म्हणून ती भाजीतल्या मिठावरूनही भांडण उकरून काढू लागली.

“म्हणून मला हाकलत होतात, ताई?” धाकटीचे डोळे भरून आले. पण रडतानाही तिचा चौकसपणा सुटेना. “दुखतं का? पहिली गाठ दुखायची?”

“ती मुकी होती गं... ही ठणकते. गरम लागते. कधी चढते, कधी उतरते.”

दुसऱ्या दिवशी धाकटीने तिला दवाखान्यात नेलं आणि ऑपरेशन केलेल्या सर्जनबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. स्कॅनमध्ये गाठ लख्ख उजळली, तशी थोरलीने डोळेच मिटले.

“उजळतात दोन्ही, कॅन्सरही आणि पूही,” सर्जनबाई म्हणाल्या. “ठणक्यावरूनही खात्री देता येत नाही. सुई घालूनच बघू.”

पू लॅबमध्ये जंतू शोधायला गेला, मांसाचा बारीक तुकडा कॅन्सर शोधायला. एवढ्या धास्तीतही थोरलीला कुतूहल वाटत राहिलं... आपल्या आत मुक्कामाला आलंय तरी कोण?

कॅन्सर नव्हता! न विरघळणाऱ्या एका टाक्याभोवती एक मंद वाढणारा जंतू दबा धरून बसला होता. सर्जनबाईंनी पू काढला, तो टाका काढला, गोळ्या दिल्या. जखम भरली, आणि धाकटी बॅग भरू लागली.

थोरली दाराशी घुटमळत होती. धाकटीला हाकलायला आता कारण उरलं नव्हतं, आणि थांबवायचा हक्क तर तिने कधीच मानला नव्हता.

“मला... मला नेशील बरोबर?” आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं.

“एवढं विचारायचं सोडून महिनाभर भांडत बसलात, ताई!” धाकटी हुंदका देत हसली. तिने भरलेली बॅग पलंगावर उपडी केली, आणि माळ्यावरची मोठी बॅग काढायला स्टूल ओढलं.