अवधाण

मुक्कामाच्या तंबूत घामाचा वास आला, तशी डॉ. केतकी नाबर थबकली. घाटमाथ्यावरच्या या पाच दिवसांच्या दौडीत असा वास येणं आता बंदच झालं होतं. निघण्याआधी प्रत्येक धावपटू अंगभर ‘कवच’ फवारून घेई. हा सूक्ष्मजीवांचा जिवंत थर होता, डोळ्यांना न दिसणारा. घाम आणि त्वचेवरचं तेल हे त्याचं अन्न, त्यामुळे अंगाला वास येत नसे. नायट्याची बुरशी, जुलाबाचे जंतू यांना तो अंगावर टिकू देत नसे. कवच आल्यापासून पाण्याचे टँकर गेले, साबण गेला आणि दरवर्षी निम्मे धावपटू घरी पाठवणारे जुलाबही गेले. अट एकच होती. दौड संपेपर्यंत आंघोळ करायची नाही.

वास सुगंधा भांगरेच्या अंगाला येत होता. ती शाळेत खेळांची शिक्षिका होती आणि बायकांमध्ये पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढे होती. केतकी जवळ येताच तिने पाय सतरंजीखाली ओढून घेतला. केतकीने हळू आवाजात विचारलं, तेव्हा तिने कबूल केलं की काल वाटेतल्या झऱ्यावर ती साबण लावून आंघोळ करून आली होती.

“पारोशाने घास उतरत नाही मला, मॅडम. पहिले दोन दिवस काढले कसेबसे. म्हटलं, कुणाला कळणार आहे?”

“नाव सुगंधा,” शेजारी पाय पसरून पडलेला परवेझ मुजावर म्हणाला, “कळणारच की.”

केतकीने सतरंजी बाजूला केली. सुगंधाच्या अंगठ्याजवळ खरचटलं होतं. भोवतीची कातडी लाल झाली होती आणि हाताला गरम लागत होती.

“जांघेत अवधाणही आलंय,” सुगंधा म्हणाली. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा आवाज होता.

पायाला जखम झाली की जांघेतली गाठ सुजते, चालताना ठणकते. शरीराच्या पेशी त्या गाठीत जंतूंशी झुंजत असतात. केतकीने बोटांनी चाचपून पाहिलं. गाठ चांगलीच सुजली होती.

कवच बनवणाऱ्या आणि दौडीचा खर्च उचलणाऱ्या कंपनीचा निनाद गुप्ते तोवर आत आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, सुगंधाच्या पायाचे फोटो काढले आणि अट मोडल्यामुळे ती बाद झाल्याचं शांतपणे सांगितलं. त्याला वाईट वाटल्याचं दिसत नव्हतं. कवच धुऊन टाकलं की काय होतं ते लोकांना आता आयतंच दाखवता येईल, असंही तो म्हणाला. मग त्याने तंबूतल्या बाकीच्या पायांकडे हात केला. सगळे स्वच्छ, कोरडे. कुठे लाली नाही, सूज नाही.

केतकी त्या पायांकडे पाहत राहिली. वाट करवंदीच्या जाळ्यांतून आली होती. ओरखडे सगळ्यांनाच होते. तरीही अवधाण आल्याची तक्रार घेऊन एकही जण तिच्याकडे आला नव्हता. कालपर्यंत तिला याचं समाधान वाटत होतं.

“कवच हेही जंतूच ना?” तिने निनादला विचारलं. “मग शरीर त्याला हुसकून का लावत नाही?”

“ते शरीराला निरोप देतं, की मी परकं नाही. पण तो निरोप त्वचेपुरताच असतो.”

“त्वचेपुरताच, हे कुणी पाहिलंय?”

चाचण्या झाल्या आहेत, असं म्हणून निनादने फोन काढला. डोंगरावर फोनला रेंज नव्हती, तरी तो पडद्याकडे बघत राहिला.

केतकी परवेझकडे वळली. काटाबिटा लागलाय का, असं तिने विचारलं.

“टाचेत आहे एक. आतच मोडला असेल. दुखत नाही हो डॉक्टर, कवच आहे ना.”

टाचेवर एक काळा ठिपका होता, बस्स. भोवतीची कातडी निरोगी दिसत होती आणि जांघेत गाठही लागत नव्हती. केतकीने निर्जंतुक सुई ठिपक्याशेजारी टोचली आणि अंगठ्याने दाबलं. पू आला. पुसला तरी येतच राहिला. परवेझ दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसा बघत होता.

“दुखलं?”

“नाही.” त्याचं हसू मावळलं होतं.

एका माणसावरून निष्कर्ष काढू नका, असं निनाद म्हणाला.

“सुगंधाच्या पायात जंतू गेले आणि तिच्या शरीराने बोंब ठोकली,” केतकी म्हणाली. “याच्या पायातही गेले. पण तुमच्या कवचाचा निरोप आतपर्यंत पोचलाय, इथे कुणी तोंडच उघडलं नाही.”

पुढचा टप्पा दरीतला होता. तिथे गाडी उतरत नव्हती. कुणी कोसळलं असतं तर खांद्यावरून वर आणावं लागलं असतं. केतकीने संयोजकांना बोलावून दौड थांबवायला लावली.

“म्हणजे मी बाद नाही ना?” सुगंधाने विचारलं.

“तू बाद नाहीस. पण आता कुणीच धावणार नाही.”

सुगंधाने मान हलवली आणि जखमेच्या पट्टीचं टोक उगाच नीट करत बसली. वर्षभर ती पहाटे उठून याच चढावर पळत आली होती.

स्वयंपाकाच्या चुलीवर पाणी तापवलं, खालच्या वाडीतून साबण आणला. एकेक जण अंग घासू लागला. परवेझने साबण लावला, पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला. मग तो अंगठ्याने जांघ दाबत बसला. कुठेतरी दुखावं म्हणून.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “कातडीवरचं धुतलं. पण काट्याबरोबर जे आत गेलं, त्याला साबण कसा पोचणार?”

केतकीने निनादकडे पाहिलं. तो पाठमोरा उभा होता आणि कोपरांपर्यंत फेस करून स्वतःचे कवच फवारलेले हात घासत होता.