तुमी कशाच्या डाक्टर?

दौंडला तालुक्याची बैठक होती. मोठे डॉक्टर सकाळच्या एसटीनं तिकडं गेले आणि त्या शनिवारी सगळा दवाखाना अनुपमावर पडला. साल २००२, मे महिना. भीमेच्या अलीकडं, वस्तीपासून बाजूला, माळावर तो तीन खोल्यांचा सरकारी दवाखाना. एमबीबीएस झाल्यावरची खेड्यातली नेमणूक म्हणून ती दोन महिने तिथं होती, पण एकटी अशी पहिल्यांदाच.

एक वाजता शेवटचा पेशंट गेला. वीज तर सकाळीच गेली होती. अनुपमानं टेबलावर डोकं ठेवलं. हाताखाली मुंबईच्या कौन्सेलिंगचा कागद होता. सोमवारी तिथं जाऊन, पुढं कशाचं शिकायचं ते एका शब्दात सांगायचं. प्रवेश परीक्षेतल्या तिच्या नंबरला दोन जागा मिळण्यासारख्या होत्या, गायनॅक किंवा स्किन.

घरात त्यावर बोलणंच नव्हतं. शिरूरला बापूसाहेबांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, प्लॉट घेऊन ठेवला होता. "अनू, बायाबापड्यांना पुण्यापर्यंत जावं लागतं गं. तू हितंच बाळंतपणं कर," एवढंच ते म्हणत.

ती मान हलवायची. पण पुण्याच्या लेबर वॉर्डात तिनं सलग छत्तीस छत्तीस तास काढले होते. तिथंच एका पहाटे एका बाईनं तिचा हात धरला होता. रक्त थांबत नव्हतं. थोड्या वेळानं तो हात नुसताच तिच्या हातात राहिला. तेव्हापासून अनुपमाला झोप लागायची, पण शीण जात नसे. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. स्किन. डाग बघायचे, मलम लिहायचं, पाच वाजता घरी जायचं.

बाहेर पाचोळा सरकल्यासारखा आवाज झाला.

तिनं डोकं उचललं. व्हरांड्यातल्या बाकड्यावर एक बाई बसली होती. पोटुशी, नऊ महिने भरलेली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पाठीला उसाचं वाळकं पाचट चिकटलेलं. एवढ्या उन्हातून आलेली, पण घामाचा एक थेंब नाही. आणि माळावरची ती झळ, दाराशी येऊन जणू थबकली होती.

"काय होतंय, मावशी? कळा येताहेत का?"

बाईनं मान वर केली नाही. "तुमी कशाच्या डाक्टर?"

असला प्रश्न कोणी पेशंट विचारत नाही. अनुपमाला हसू यायला हवं होतं. पण ती थकलेल्या आवाजात खरं तेच बोलून गेली. "कशाचीच नाही अजून. ठरायचंय."

"मग ठरवा," बाई म्हणाली. "मी थांबते..."

तपासायला आत या म्हटलं, तर तिनं नकाराची मान हलवली. "आदी ठरवा."

अनुपमा मागच्या दारानं निघाली. दवाखान्यातली आया तानुबाई लिंबाखाली पदर अंथरून पडली होती. समोर कोण आलंय ते सांगताच ती उठून बसली.

"पाठीला पाचट हाय?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

तानुबाईनं दाराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाई, ती म्हाळूची बानू. वरच्या वाड्यावरची. अकरा वर्सं झाली. अशीच दुपार व्हती, मोटं डाक्टर न्हवतं. एक तरणं डाक्टर व्हतं, ते म्हनलं, मी बायकांचा डाक्टर न्हाई, दौंडला न्या. ट्रालीत पाचट टाकून नेली. दौंड काय गाठलं न्हाई. प्वार पोटातच ऱ्हायलं. तशीच पुरली तिला."

"मग ही कोण?"

"तीच की. डाक्टर एकला असला की येती. मागं एक डाक्टर आलते. त्येंनी सांगितलं, मी डोळ्याचा. तवा ती म्हनली, बरं, मग डोळं बघा..."

"आणि?"

"त्येंनी बॅटरी मारून बघितलं. काय दिसलं ते सांगितलं न्हाई कुनाला. त्याच दुपारी पिशवी घिऊन गेलं. सामानबी मागाय आलं न्हाईत."

"तुम्ही या ना माझ्याबरोबर."

तानुबाईनं हात जोडले. "न्हाई, बाई. मला न्हाई जमायचं."

पळून जायला हरकत नव्हती. मागून बांध ओलांडला की रस्ता होता. पण पळायलाही अंगात त्राण लागतं. अनुपमा लिंबाच्या बुंध्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली. स्किन म्हटलं तर ती बाही वर करील, आणि बाहीखाली काय असेल... अकरा वर्षं जमिनीत राहिलेल्या कातडीचं काय होतं, ते तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण खरं सांगायचं तर तिला त्याचीच भीती वाटली असं नाही. पुण्यातला तो हात तिच्या हाताला अजून जाणवत होता.

ती आत गेली. बाई बाकड्यावरच होती.

"ठरलं?"

"बायकांची," अनुपमा म्हणाली. "मी बायकांची डॉक्टर."

"व्हय...?" त्या एका शब्दात इतका शीण होता, की अनुपमाचे डोळे भरून आले.

बाई स्वतःच आत येऊन तपासायच्या टेबलावर निजली. टेबल जराही करकरलं नाही. पोटाला हात लावला, तर माठाच्या बुडासारखं गार. अनुपमानं बाळाचे ठोके ऐकायचा ॲल्युमिनियमचा छोटा कर्णा त्यावर ठेवला आणि डावा कान टेकवला. काही ऐकू येणार नाही, याची तिला खात्री होती.

टक टक टक टक...

स्वच्छ. भरभर. तिनं घड्याळ लावून मोजले. मिनिटाला एकशे चाळीस. सुदृढ बाळाचे असतात तेवढेच.

"हाय न्हवं?" बाईनं विचारलं.

"आहे..."

"मग शिकून या. तवर थांबते."

ती उठली, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली आणि उन्हात दिसेनाशी झाली. अनुपमानं कर्णा खाली ठेवला. कानातला आवाज मात्र थांबला नाही.

सोमवारी मुंबईत तिनं गायनॅक सांगितलं. बापूसाहेबांनी गावभर पेढे वाटले. तिनं त्यांना काही सांगितलं नाही. कानाच्या डॉक्टरांना तेवढं दाखवलं. ते म्हणाले, कान उत्तम आहेत. शिक्षण झालं, शिरूरच्या प्लॉटवर हॉस्पिटल उभं राहिलं. शेकडो बाळंतपणं झाली, आणि झोपेतसुद्धा डाव्या कानात ते ठोके चालूच होते. तिला त्यांची सवय झाली. सोबत वाटायची म्हणा ना.

२००९च्या एप्रिलात एका दुपारी ती जेवायला बसली होती. घास हातात असताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिनं घड्याळाकडं बघत मोजलं. एकशे दहा. पुन्हा मोजलं. ब्याण्णव. शंभराच्या खाली उतरले की बाळ आत गुदमरतंय असं समजायचं, आणि मग वेळ नसतो.

ती ताटावरून उठली आणि कोपरापर्यंत हात धुतले.

"गीताबाई, लेबर रूम उघडा."

सिस्टर गीताबाई गोंधळल्या. सकाळपासून एकही केस नव्हती. "पेशंट कुठंय, मॅडम?"

"उघडा."

गीताबाईंनी किल्ली घेतली, कुलूप काढलं, दार ढकललं. मग खांदा लावून ढकललं. त्या खोलीला तेवढं एकच दार होतं.

त्या दारापासून मागं सरकल्या.

"मॅडम... आतनं कडी लागलीय."