हाय गो मी

बस, सांगते. दिवा मात्र राहू दे.

त्र्याण्णव साल होतं. मी आणि रतन सकाळीच कल्याणच्या खाटकाकडून बोकडांची हृदयं घेऊन डोंबिवलीला आलो. आमची छोटी प्रयोगशाळा एमआयडीसीला लागून. बर्फाचा डबा बघून रिक्षावाल्याने विचारलं, "पार्टी हाय काय?" रतन ठाण्याच्या कोळीवाड्यातली, तिला हसू आवरेना.

त्या हृदयांतून आम्ही एक एन्झाइम काढायचो. त्याच्या गाभ्यात लोह आणि गंधक एकत्र बांधलेले. नीट असलं की तपकिरी, हवा लागली की रंग उडून निकामी.

"मेलं," मी म्हणायचे.

रतन चिडायची. "मेलं कसं? लोह सुटलं की तेच प्रथिन पेशीत दुसरं काम धरतं. ड्यूटी बदलते त्याची."

म्हणून सगळं काम नायट्रोजन भरलेल्या हवाबंद काचपेटीत. एकीने पेटीच्या रबरी मोज्यांत कोपरापर्यंत हात घालायचे, दुसरीने मागे नायट्रोजनच्या सिलिंडरची चावी धरून बसायचं. हात अडकलेलीला वळता येत नाही. म्हणून मी मधूनमधून विचारायचे, "आहेस ना?" ती "हाय गो मी" म्हणाली की माझा जीव भांड्यात.

त्या दुपारी कंपन्यांचा वास सुटला. डोळे चुरचुरायला लागले. रतनने खिडक्या घट्ट लावून घेतल्या. डोंबिवलीत सगळे तेच करतात.

कुपीत रंग सुरेख उतरला होता. मागे बारीक फुसफुस ऐकू येत होती.

"आहेस ना?"

"हाय गो मी."

आवाज तिचाच, पण मागून नाही, समोरून आला. पेटीतून.

मी काचेतल्या प्रतिबिंबात पाहिलं. रतन स्टुलावरून घसरून सिलिंडरच्या पायाशी पडली होती. तिचं तोंड सिलिंडरच्या सुटलेल्या नळीपाशी.

मी हात ओढले. निघेनात. मोज्यांच्या आत माझ्या बोटांत कुणीतरी बोटं गुंतवली होती... गार, ओलसर...

"सोड गं... रतन मरेल... सोड मला..."

"हाय गो मी..."

मी रडले, लाथा झाडल्या, देवाला हाका मारल्या. चार हातांवर माझी मैत्रीण जात होती आणि मला साधं वळताही येत नव्हतं. शिपाई देवरामने दार फोडलं, बाहेरची हवा आत आली, तेव्हा कुठे ती बोटं सुटली.

डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत नायट्रोजन साचला की श्वासाला हवाच उरत नाही; तू तिच्याजवळ वाकली असतीस तर तूही गेली असतीस. याचा राग मला अजून आहे. कुणी विचारलं होतं मला?

पेटी अजून तीच आहे. आता माझी विद्यार्थिनी मोज्यांत हात घालते, मी मागे चावीवर बसते. खिडक्या सताड उघड्या असतात. मधेच ती न वळता विचारते, "आहात ना, मॅडम?"

मी तोंड उघडायच्या आत तिला पेटीतून उत्तर मिळतं. ती मान हलवते आणि पुढच्या कामाला लागते.